विलायती खिडकी एका बोटानं उघडली!

मंडळी, आज मी जाम खूश आहे!

लोणावळ्यात इंग्रजांच्या काळातला विलायती धाटणीचा बंगला आहे. त्याच्या वर सरकणाऱ्या खिडक्या कित्येक वर्षं अडकलेल्या. आज त्या उपटून ॲल्युमिनियमच्या बसवणार होते; जुन्या काढायला मला, सुताराला, बोलावलेलं.

कंत्राटदार म्हणाला, "आबा, लाकूड फुगलंय. न्हाई उघडायची."

मी म्हटलं, "नाचता येईना, अंगण वाकडं! चौकटीच्या आत बघितलंस का?"

पोकळ चौकटीत खिडकीचा भार तोलणारी लोखंडी वजनं पडली होती, त्यांच्या दोऱ्या कुजून तुटलेल्या. मी रंगाचे थर खरवडले, वजनांना नवी दोरी ओवली, आणि खिडकी एका बोटानं वर गेली!

मालकीणबाई म्हणाल्या, "ॲल्युमिनियम परत पाठवा. आबा, बाकीच्याही तुम्हीच करा."

तुमच्याकडं कुणी असं काही मोडीत काढायला निघालंय का? आधी या सुताराला हाक मारा!