टाचणी टोचल्यावर

"ए खडेवाली, ऊठ. बाहेर बस."

सातवीच्या वर्गात, सगळ्या पोरींसमोर, हेडमास्तरनं छडीनं दार दाखवलं. माझ्या दंडावर, पोटरीवर कातडीखाली टणक गाठी होत्या. जवारीत खडा लागावा तशा. लहानपणापासनं होत्या. मायलाबी होत्या. हेडमास्तरनं लांबूनच बघितलं अन् ठरवून टाकलं, महारोग.

मग मी उंबऱ्याबाहेर, गोणपाटावर. फळा अर्धा दिसायचा, गणितं अर्धीच उतरायची. पाणी वरून वतायचे, ओंजळीत. ते तर हेडमास्तरला गाठी दिसायच्या आधीपासनंच. आमच्या बौद्धवाड्यातली सातवीपर्यंत टिकलेली पोरगी मी एकटीच.

माय म्हणायची, "बस गं बाई तिथंच. नाव काढून टाकलं तर कुठं जाशील?" कापूस येचता येचता तिची बोटं आखडायची, वाकडी व्हायची. माझीबी. लय राग यायचा. मायचा, गाठींचा, माझा सवताचा. एक गाठ खापरीनं घासून काढाया गेले. रक्त आलं. गाठ तिथंच.

एक दिवस महारोग तपासणारे साहेब सायकलवर गंगाखेडहून आले. मला डोळे मिटायला लावले. टाचणी टोचली.

"कुठं टोचलं? बोट ठेव."

चारदा बरोब्बर ठेवलं. पाचव्यांदा वरडलेच, "आई गं!"

साहेब हेडमास्तरला म्हणाले, "महारोगात चट्टा बधिर असतो. हिला सगळं कळतंय. हा महारोग नाही. घ्या आत."

मी दप्तर उचललं. गोणपाट गुंडाळलं. सायकल वळली, दिसेनाशी झाली. हेडमास्तर म्हणाला, "ऐकलं मी. पण तू बाहेरच बरी."

तवा डोक्यात लख्ख पडलं. रोग न्हाई, तरी बाहेर. म्हंजी गाठी नुसतं निमित्त. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते ते, आमचं नाव काढलं तरी गाव दात खायचं.

"न्हाई बसणार," म्हणले. आत गेले. पहिल्या रांगेत बसले. छडी बसली, पुन्हा बसली. उठले न्हाई.

गावातच लगीन झाल्यावर मोठ्या दवाखान्यात कळलं. जन्माचा दोष हाय, मायकडून आलेला. अंग एका हार्मोनचं ऐकत न्हाई, कॅल्शियम कातडीखाली साचतं. कुणाला लागत न्हाई. गोळ्यांनी बोटं सुटली. गाठी ऱ्हाणार.

परवा लेकीला न्हाऊ घालताना तिच्या दंडावर खडा हाताला लागला. दुसरा दंड चाचपला. उद्या तिचं नाव घालायचंय, त्याच शाळेत. मी संगं जाणार हाय. तिला पहिल्या रांगेत बसवल्याबिगर मी तो उंबरा उतरणार न्हाई.