वाढत्या अंगाची सायकल

आमच्या घरात कुठलीही गोष्ट मापाची घेतली जात नसे. फ्रॉक वाढत्या अंगाचा, चपला वाढत्या पायाच्या आणि शाळेचा स्वेटर तर इतका मोठा, की दुमडून दुमडून बाह्यांच्या मनगटाशी वळकट्या व्हायच्या. ‘पुढे पुरेल’ हे आईचं ठरलेलं उत्तर. अडचण एवढीच झाली, की पुढे मी वाढलेच नाही. सातवीत चार फूट सात इंचांवर माझी उंची जी थांबली, ती आज सत्तेचाळिसाव्या वर्षीही तिथेच आहे. तो स्वेटर दहावीच्या निरोप समारंभातही मला मोठाच होत होता.

मी शाळेत गणित शिकवते. माझ्या तासाला फळ्याचा वरचा भाग कोरा राहतो आणि गणित लांबलं तर मधेच पुसून पुन्हा खालून सुरुवात करावी लागते. बसमधली दांडी, स्वयंपाकाचा ओटा, बँकेतलं काउंटर, सगळं कुणा दुसऱ्याच्या मापाने बांधलेलं. ‘तुम्ही कधी तक्रार करत नाही,’ असं लोक मला म्हणतात. ते साफ खोटं आहे. मी भरपूर चिडते, पण मनातल्या मनात. मग पाटावर उभी राहून काम उरकते.

सायकल माझ्या आयुष्यात आली ती त्रेचाळिसाव्या वर्षी, आमच्याच कॉलनीतल्या एका मैत्रिणीमुळे. ही बाई पाच फूट आठ इंच उंच, आवाज त्याहून उंच. दर रविवारी पहाटे दहाबारा जणांबरोबर सायकलवर गावाबाहेर जायची. एकदा तिने मला नुसतं बघायला नेलं आणि मी त्या बारीक चाकांच्या, वाकलेल्या हँडलच्या हलक्या सायकलींच्या प्रेमातच पडले. आमच्या वस्तीत बायकांची सायकल म्हणजे पुढे टोपली, मागे कॅरिअर, त्यात भाजी आणि नातवंड. ही सायकल कशाचंच ओझं वाहायला केलेली नव्हती. ती फक्त जाण्यासाठी होती.

नवऱ्याला घेऊन मी दुकानात गेले. दुकानात होती त्यातली सगळ्यात लहान सायकल विक्रेत्याने पुढे काढली. तिची वरची दांडी माझ्या कमरेला लागत होती. ‘सीट एकदम नीचे कर देता हूँ मॅडम, आदत हो जाएगी,’ तो म्हणाला. नवरा म्हणाला, ‘थोडी मोठीच बरी.’ आणि मी मान डोलावली. त्रेचाळीस वर्षांच्या बाईसाठी आम्ही वाढत्या अंगाची सायकल घेतली आणि तिघांपैकी एकालाही त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही.

त्या सायकलचा प्रकार असा होता, की ती मला चालवता येत होती, थांबवता येत नव्हती. थांबताना माणूस सीटवरून पुढे उतरतो आणि दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकून उभा राहतो. माझे पाय जमिनीपर्यंत पोचायच्या आधी दांडीच आडवी यायची. म्हणून मला थांबायला काहीतरी उंच लागायचं: फूटपाथची कड, दुभाजक, एखादा मैलाचा दगड, कुणाच्या घराचा ओटा. नागपूरचे रस्ते लोकांना चौकांवरून आठवतात, मला अजून कडांवरून आठवतात. कुठल्या सिग्नलला कड आहे, कुठली फुटली आहे, कुठे नवीन सिमेंट रस्ता इतका वर आलाय की कड उरलेलीच नाही, सगळं तोंडपाठ. कड नसेल तिथे मैत्रीण पुढे जाऊन आपल्या सायकलवरून उडी मारायची आणि धावत येऊन माझी सीट धरायची. ‘थांब वं, आली मी!’ हे तिचं ओरडणं सगळ्या ग्रुपला पाठ झालं होतं. लोक हसायचे, मीही हसायचे. पण चहाच्या टपरीपाशी कुणीतरी धरून उतरवायची वाट बघत गोल गोल चकरा मारताना मला मनातून अतिशय लाज वाटायची.

त्यात हात तर रबरासारखे ताणलेले. बोटं ब्रेकपर्यंत जेमतेम पोचायची, मान आखडायची, तळव्यांना मुंग्या यायच्या. तरी मी सोडलं नाही. का, ते सांगते. चालती सायकल असली की मला कुणी वरून बघत नाही. एवढंच. सायकल वेगात आली की उंची हा विषयच संपतो आणि गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर मी जेवढी असते तेवढी दुसरीकडे कुठेच नसते. आठवड्याचे सहा दिवस मी त्या एका सकाळच्या जोरावर काढायचे.

मग एकदा नागपूरच्या जरीपटका भागात पडले. तिथल्या बाजाराच्या तोंडाशी एक कड होती, माझी नेहमीची. त्या दिवशी नेमका त्या कडेला लागून एक ऑटो उभा. मी ब्रेक मारला, पाय टाकला आणि पायाखाली काही आलंच नाही. सायकलसकट मी इतक्या सावकाश आडवी झाले, की फुलकोबीवाल्या बाईला तिची ताडपत्री ओढायला वेळ मिळाला, पण मला सावरायला मिळाला नाही. उजवं मनगट मोडलं. कोबीवाली म्हणाली, ‘काहून वं बाई, एवढ्या मोठ्या सायकलीवर कायले बसली?’ मला तिचा राग आला.

प्लास्टर निघेपर्यंत नवऱ्याने सायकल गच्चीवर नेऊन तिच्यावर जुनी चादर टाकली होती. तो चिडका माणूस नाही. पण दवाखान्यातून येताना वाटभर त्याने माझा डावा हात सोडला नव्हता. एके दिवशी जेवताना तो म्हणाला, ‘हे बघ, दोन्ही पाय टेकतीन अशी सायकल भेटली तर चालव. मी काही म्हणणार नाही. नाही भेटली तर हा विषय बंद.’ मी ‘बरं’ म्हटलं. भांडायला जागाच नव्हती, बोलला ते बरोबर होतं. म्हणूनच मला रात्रंदिवस धास्ती लागली. कारण तशी सायकल असते का, हेच मला माहीत नव्हतं.

त्यानंतरचे काही महिने मी दुकानं पालथी घातली. एका ठिकाणी मला सरळ लहान मुलांच्या विभागात नेलं, तिथे गुलाबी सायकलच्या हँडलला झिरमिळ्या होत्या. दुसऱ्याने टोपलीवाली लेडीज सायकल पुढे केली आणि ‘इस उमर में यही ठीक है’ असंही वर सांगितलं. त्याला मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. तिसऱ्याने अगदी लहान मापाची मागवून देतो म्हटलं. आली तेव्हा फ्रेम लहान होती, पण चाकं तीच मोठी. वळताना पुढचं चाक माझ्या बुटाच्या टोकाला घासत होतं. दांडीही थोडी वरच. नवरा माझ्या अधांतरी टाचांकडे बघत राहिला. त्या संध्याकाळी घरी येऊन मी खूप रडले. सत्तेचाळीस वर्षांत उंचीसाठी मी कधी रडले नव्हते, शाळेत ‘टिंगू’ म्हणायचे तेव्हाही नाही.

आणि मग मैत्रिणीचा फोन आला. बेसा भागात एका घरी सायकल विकायला आहे म्हणे, एका मुलीची, शर्यतीची. बघून तरी घे.

आम्ही तिघं गेलो. नवीन बिल्डिंग, आजूबाजूला अर्धवट बांधलेली घरं, दारात सायकल पुसून उभी केलेली. निळी, चाकं नेहमीपेक्षा लहान, हँडल जवळ. दार उघडणारी बाई बोलकी होती. ‘काय सांगू ताई, हिच्या कोचनं मापाचीच घ्यायला लावली. आमच्या सासूबाई म्हणून राहिल्या होत्या, मोठी घ्या, पोरगी वाढती आहे. आम्ही ऐकलं नाही. अन् ही पाहा, एका उन्हाळ्यात ताडमाड झाली!’ तिच्या मागे तिची मुलगी उभी होती. दहावीतली, माझ्याहून चांगली वीतभर उंच आणि तोंड फुगवलेली. सायकल विकायची तिची इच्छा नव्हती, हे उघड दिसत होतं.

‘इतके दिवस कुणी घेतली नाही?’ नवऱ्याने संशयाने विचारलं.

‘सारे येतात, पोराले बसवून पाहतात, अन् म्हणतात, वर्षभरात लहान होईन,’ ती बाई म्हणाली. ‘कोणी घ्यायले तयारच नाही.’

मला हसू फुटलं. नागपुरातले सगळे आईबाप माझ्याच आईसारखे निघाले होते, म्हणून ती सायकल माझ्यासाठी दारात उभी राहिली होती. पण सायकलला हात लावला मात्र आणि माझ्याच तोंडात शब्द आले: यात एक नंबर मोठी असती तर. बोलले नाही, पण आले. इतक्या वर्षांची सवय, जाता जात नाही.

मुलगी पुढे आली. ‘काकू, तुम्ही रोज चालवाल? की नुसती ठेवाल?’

‘रोज नाही जमणार. पण ठेवणार नाही.’

तिने थोडा विचार केला. ‘तुम्हाला ही लहान तर नाही ना होणार?’

‘बेटा,’ मी म्हटलं, ‘त्याची काळजी करू नकोस.’

ती पहिल्यांदा हसली आणि तिने सायकल माझ्या हातात दिली. मी बसले. कोपर वाकलेलं राहिलं, हे मला आधी जाणवलं. हात ताणायलाच लागला नाही. बोटं आपोआप ब्रेकवर गेली. बिल्डिंगसमोरच्या रस्त्यावर एक फेरी मारली, वळले, बूट चाकाला लागला नाही. सगळं इतकं सोपं होतं, की मलाच भीती वाटायला लागली. शेवटची परीक्षा राहिली होती. ‘आता थांबून दाखव,’ नवरा म्हणाला. मी सवयीने कड शोधली. कड नव्हती, सपाट सिमेंट. मैत्रीण धावायच्या तयारीत. मी ब्रेक दाबला, पुढे उतरले आणि उभी राहिले.

नवरा रस्त्यावर चक्क गुडघ्यावर बसला. समोरच्या गॅलरीतून दोन बायका बघत होत्या, तरी त्याने वाकून माझ्या एका बुटाखाली बघितलं, मग दुसऱ्या. उठला, पँट झटकली. ‘टाचा टेकल्या,’ म्हणाला. त्याच्या आवाजात इतका सुटकेचा भाव होता, की मला कळलं, हा माणूस नाही म्हणायला अजिबात उत्सुक नव्हता. माझ्याइतकाच तोही घाबरला होता.

घरी, आता आमच्याकडेच राहणाऱ्या माझ्या आईने चाकाखाली लिंबू ठेवलं, हँडलला हळदकुंकू लावलं आणि मग दोन पावलं मागे होऊन सायकलकडे बघत राहिली.

‘एवढीशी काहून घेतली वं? थोडी मोठी नाही भेटली काय?’

‘माझ्या मापाची आहे, आई.’

‘पुढं पुरन काय?’

‘आई, मी सत्तेचाळीस वर्षांची आहे.’

तिने माझ्याकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत, जणू कुणी पाहुणी आलीय. ‘हो वं,’ ती हळूच म्हणाली. ‘मी त वाटच पाहून राहिली होती.’ मग पदराने हँडलवरचं जास्तीचं कुंकू पुसलं आणि म्हणाली, ‘चाल, एक काळजी मिटली. जा, लिंबावरून काढ.’

त्याच रविवारी आम्ही रामटेकला निघालो. कन्हानचा पूल ओलांडला तेव्हा नदीवर धुकं होतं. पुढे धानाची कापलेली शेतं, रस्ता मोकळा. बरंच अंतर गेल्यावर लक्षात आलं, की मी आज एकही कड बघितली नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काय काय आहे ते मी पहिल्यांदाच बघत होते. इतक्या फेऱ्या झाल्या, पण त्या वाटेवर एवढी सिंदीची झाडं आहेत, हे मला माहीतच नव्हतं.

मनसरच्या अलीकडे नेहमीची चहाची टपरी. समोर मोकळं मैदान, धरायला काडीचाही आधार नाही. मैत्रिणीने आपली सायकल जमिनीवर आडवी टाकली आणि सवयीने दोन्ही हात पुढे करून धावत सुटली. ‘थांब वं, आली मी!’

ती पोचली तेव्हा मी उभी होते. ती तशीच समोर थांबली, हात पुढे केलेले, आणि त्या हातांचं आता काय करायचं ते तिला कळेना. तिचे डोळे भरून आले होते. माझे तर केव्हाच.

‘चहा आण,’ मी म्हटलं.

ती गेली. टपरीचा बाक रिकामा होता, पण मी बसले नाही. ती दोन कप घेऊन येईपर्यंत मैदानाच्या मधोमध दांडीच्या दोन्ही बाजूंना टाचा टेकवून तशीच उभी राहिले.