बरणीतला साग

साठेकाकांवर लिहिणारा मी कोण, असं वाटतं. घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि माझं मराठीही घरापुरतंच. चुकलं तर सांभाळून घ्या. काका जाऊन पाच आठवडे झाले. इथे बेहाला भागातल्या त्यांच्या घरामागे कमळांचं छोटं तळं आहे. माझा कॉलेजचा फॉर्म त्यांनी त्याच काठावर बसून भरून घेतला होता.

काका रेल्वेतून निवृत्त झालेले. 'आपल्या रेल्वेचं लाकूड' म्हणून त्यांनी एकदा कमळांच्या कुंड्यांखाली रुळांखालचे जुने लाकडी स्लीपर घातले. लाकूड टिकलं, पण त्यात मुरलेल्या डांबरी तेलानं सगळे मासे मेले. तेव्हापासून लाकडाच्या बाबतीत त्यांचा कुणावर विश्वास उरला नाही. औषध न मारलेलं, गाभ्याचंच लाकूड हवं; त्याचा तुकडा आधी बरणीत, सोबत दोन गप्पी मासे, तीन आठवडे. मासे जगले तरच ते लाकूड तळ्यात.

माझे बाबा सुतार. यंदा कुंड्यांसाठी त्यांनी एका पाडलेल्या घराच्या तुळईचा साग आणला. काकांनी नखानं खरवडून वास घेतला.

"वाळवीचं औषध नाही ना रे, गणपत?"

"वरचं सगळं तासून टाकलंय साहेब. आतला गाभाच आहे."

"असं सगळेच म्हणतात."

"मग मलाच बसवा बरणीत!"

काका हसले, पण बरणी भरलीच. रस्त्यात बाबा म्हणाले, "तुझा फॉर्म भरून दिला त्यांनी, म्हणून गप्प बसलो."

दुसऱ्या आठवड्यात काकांचा फोन आला. "एक मासा गेला... बघू." एवढंच. बाबांनी तिकडे जाणं सोडलं. खरं सांगतो, शंका मलाही आली. "बाबा, नक्की काही लावलेलं नव्हतं ना?" असं मी विचारलंसुद्धा. ते रंधा उचलून कामाला लागले... तीन आठवडे भरायच्या आतच काका गेले. माझ्या बाबांना लबाड समजूनच ते गेले का, हे आता कुणाला विचारणार?

काल काकूंचा फोन आला. "अरे, तळं उपसलं आज. कुंड्यांखाली तुझ्या बाबांचाच साग आहे. तुला बोलले नव्हते का हे? 'मेला तो मासा म्हाताराच होता, उगाच गणपतवर संशय घेतला,' म्हणाले आणि बसवला स्वतःच्या हातानं. मासे सगळे ठणठणीत आहेत. बरणी रिकामीच पडलीय खिडकीत... तीन आठवडेही थांबले नाहीत रे."