मालतीचं आम्ल आणि मंगळवारचा बाक

किडनीच्या डॉक्टरकडे नंबर लवकर लागत नाही, म्हणून किस्से साठतात. सुरतेतल्या त्या दवाखान्यात मंगळवारी आमचा बाक ठरलेला: मी, माझी बायको मालती, नवागामचे, लूमवर कापड विणणारे धोंडूभाऊ आणि नवऱ्याला घेऊन येणाऱ्या गोडादऱ्याच्या सुमनताई. आता मला तिकडे जायचं काही कारण उरलेलं नाही. पण किस्से काही वार बघून आठवत नाहीत.

*

डॉक्टर तरुण, गुजराती. मराठी तो पेशंटांकडूनच शिकलेला. समजावून सांगायची भारी हौस. एकदा बाकापाशी येऊनच सुरू झाला, "किडनीच्या नळ्यांत प्रोटीनचे बारीक दरवाजे असतात. काही दरवाजे मीठ परत रक्तात ओढतात. मिठामागे पाणी येतं, प्रेशर चढतं. काही प्रोटीनचेच पंप असतात, ते आम्ल बाहेर फेकतात. मालतीमावशींचे हे पंप थकलेत."

"मग आम्ल जातं कुठे?" मी विचारलं.

"आतच साठतं."

"तरीच वहिनींची जीभ अशी!" धोंडूभाऊ म्हणाले.

"तेवढा एकच रस्ता उघडा राहिलाय भाऊ," मालती म्हणाली, "तोही बंद करता का?"

सोड्याच्या गोळ्या, प्रेशरच्या गोळ्या, मीठ जवळजवळ बंद. एवढं पाळलं तर डायलिसिस टळेल, असं डॉक्टर म्हणाला होता. आमचं घर त्या 'टळेल'वर चाललं होतं.

*

ते भाषण सुमनताईंनी फारच मनावर घेतलं. पुढच्या खेपेला नवऱ्याचा रिपोर्ट बघून डॉक्टर ओरडला, "ह्यांना खायला काय घालता?"

"अंडी. सकाळ-संध्याकाळ."

"प्रोटीन कमी करा म्हणालो होतो ना!"

"तुम्हीच म्हणालात, आतलं प्रोटीन कामाला येत नाही. म्हटलं, नवीन भरती करावी!"

*

धोंडूभाऊंचं प्रेशर दर वेळी आभाळाला. डॉक्टर गोळ्या वाढवून थकला. शेवटी कळलं, तपासणीच्या दिवशी ते गोळी घेतच नव्हते!

"का?"

"गोळी खाऊन आलो असतो तर तुम्हाला माझं प्रेशर दिसलंच नसतं, सायेब. गोळीचं दिसलं असतं!"



*

मालतीचं प्रेशरही अचानक वाढलं. घरात मिठाचा डबा मीच वर ठेवलेला. चौकशीअंती सापडलं सैंधव.

"ते उपवासाचं आहे," ती शांतपणे म्हणाली.

"मावशी, किडनीला उपवास कळत नाही. तिला ते मीठच!"

"मग तिला सांगा की समजावून. आम्हाला बाकापाशी येऊन येऊन सांगता!"

*

पंप काही सुधारले नाहीत. डायलिसिस सुरू झालं, काही महिने चाललं, मग शरीराला तेही सोसेना. ती दवाखान्यातच होती. एका सकाळी डॉक्टर आला, खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला. फाईल उघडली नाही.

"मावशी, आज काय खावंसं वाटतं?"

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "पापड चालेल?"

"चालेल."

"लोणचं?"

"चालेल, मावशी."

"खारातली मिरची?"

"तीही चालेल."

मग ती माझ्याकडे वळून म्हणाली,

"अहो, ह्यांची डिग्री एकदा बघून या."