वैशूचं ऑफर लेटर आणि माझा न विचारायचा नवस

मी आजवर पुष्कळ नवस केले. सोळा सोमवार झाले, शुक्रवारचं आंबट सोडून झालं, वैशूच्या बारावीला तर चहातली साखर सोडली. पण सगळ्यात अवघड निघाला तो हा नवस: "महादेवा, वैशूला पीआर मिळेपर्यंत मी तिला फोनवर 'झालं का?' असं एकदाही विचारणार नाही!"

वैशू म्हणजे माझी लेक वैशाली. परभणीच्या आयटीआयमधून मेकॅनिक झाली. आमच्या ताडकळसला शेखमामूंच्या गॅरेजात तिनं तीन वर्षं ट्रॅक्टर खोलले नि जोडले. मग कॅनडात कोर्स करून तिथंच शेतीच्या मशीनी दुरुस्त करायला लागली. पण कामाचं परमिट संपत आलेलं. पक्क्या नोकरीचं ऑफर लेटर मिळालं तरच पीआर, म्हणजे तिथं कायमचं राहायची परवानगी. नाहीतर बॅग भरून परत!

मी आपली रोज विचारायची, "झालं का?" एक दिवस पोरगी रडली. म्हणाली, "आई, तू विचारलंस की मला रोज नापास झाल्यासारखं वाटतं गं." त्याच संध्याकाळी मी महादेवापुढे हात जोडले.

पूजेला मांडलेली सुपारी कुणी फेकत नाही, ती डब्यात जाते. वर्षानुवर्षं साठत राहते. आमच्या शुक्रवारच्या भजनी मंडळात वैशूच्या कागदांचे किस्से असेच साठले. डबा आता भरलाय, म्हणून तुमच्यापुढे ओतते!

*

पहिलं ऑफर लेटर आलं तेव्हा मी पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी वैशूचाच फोन, "आई, हे चालत नाही. आठवड्याला निदान तीस तास काम पाहिजे, मालकानं अठ्ठावीस लिहिलेत."

नुसत्या दोन तासांवरून गेलं!

मंडळात सांगितलं तर आमच्या कमलबाईंनी टाळच खाली ठेवला. "तीस तास? आठवड्याला? अगं, तेवढं तर माझं मंगळवारी दुपारीच होतंय! मला का न्हाई देत मग पीआर?"

*

दुसरं लेटर आलं. चाळीस तास! मी या वेळी पेढे आणले नाहीत, नुसता गूळ ठेवला. बरं झालं! त्यात लिहिलेलं, काम पेरणीपासून काढणीपर्यंत. हंगामी काम नियमात बसत नाही, निदान वर्षभराचं पाहिजे.

आमचे हे ओसरीवर बसून फोन ऐकत होते. एकदम म्हणाले, "ह्यापेक्षा आपला सालगडी बरा की! पाडव्याला ठरतो ते दुसऱ्या पाडव्यापस्तोर. वैशे, मालकाला सांग, म्हणावं मला सालगडी ठेव!"

आम्ही हसलो. पण वैशूनं खरंच जाऊन सांगितलं! तिचा मालक म्हातारा, स्वतः शेतकरी. त्यानं विचारलं, "मग शेतात काम नसतं तेव्हा हा तुमचा माणूस काय करतो?"

वैशू म्हणाली, "पुढच्या पेरणीची अवजारं नीट करतो."

मालकानं खिडकीतून बाहेर बघितलं. बर्फात त्याच्या चार मशीनी बंद पडलेल्या. म्हणाला, "बस खाली, नवीन लेटर टाइप करू!"

बारा महिन्यांचं, चाळीस तासांचं, पक्कं! ह्यांनी तो आठवडाभर मिशीला तेल लावलं.

*

मग इथल्या अनुभवाचा दाखला हवा झाला. शेखमामूंनी तो लगेच लिहून दिला: "मुलगी सालस, निर्व्यसनी, चांगल्या घरची. मोठ्यांना उलट बोलत नाही."

वैशूनं फोनवर कपाळाला हात लावला. "मामू, स्थळ बघायला आलेत का माझं? काम काय केलं ते लिहा! किती तास केलं ते लिहा!"

"घंटे?" मामू बुचकळ्यात. "ट्रॅक्टर बंद पडला की तू यायची, चालू झाला की जायची. घंटे कौन गिनता, बेटा?"

पण माणूस जिद्दीचा! जुन्या वह्या काढल्या आणि दुसरा दाखला तीन पानी दिला. कुणाच्या ट्रॅक्टरचा क्लच, कुणाचा गिअर बॉक्स, किती दिवस, किती तास, सगळं नावानिशी! सालस-निर्व्यसनी मात्र खोडलं नाही. म्हणाले, "वो भी सच है, रहने दो."

*

आता माझी चूक सांगते. तीन पानं घरी आली. एवढा महत्त्वाचा कागद देवाला न दाखवता कसा पाठवायचा? देवघरात ठेवला, अक्षता वाहिल्या आणि हळदीकुंकू लावलं. बोट नेमकं मामूंच्या सहीवर! पुतण्यानं तसाच स्कॅन करून पाठवला.

पंधरा दिवसांनी तिथल्या पीआरच्या ऑफिसनं वैशूला विचारलं, सहीवर हा लाल डाग कसला? सही खोडलीय काय?

लेकीचं सगळं माझ्या बोटानं घालवलं! रात्रभर जपमाळ ओढली. वैशूनं मात्र शांतपणे उत्तर लिहिलं: "ही खूण माझ्या आईची आहे. आमच्याकडे चांगल्या कामाच्या कागदाला लावतात. नवा दाखला सोबत जोडला आहे."

तो नवा दाखला मागायला मी मान खाली घालून गॅरेजात गेले. कुंकवाचं सगळं सांगितलं. मामू डोळे पुसत म्हणाले, "भाभी, मेरी दस्तखत को इतनी इज्जत आज तक किसीने नहीं दी!"

त्यांनी सही केली आणि कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर चिकटपट्टी मारली. माझ्याकडे बघत!

*

आणि परवाचा शुक्रवार. आरती संपली आणि वैशूचा व्हिडिओ कॉल. तिकडे सकाळ, अंगात कामाचा निळा ड्रेस. फोन मधे ठेवला, भोवती सगळं मंडळ.

सोयाबीन कसंय, म्हशीला काय झालं, सगळं विचारून झालं. मग तिनं फोन जरा लांब धरला. एक हात पाठीमागे.

"आई, विचार ना."

"काय?"

"रोज विचारायचीस ते."

"न्हाई बाई! महादेवाला शब्द दिलाय."

"अगं, पण आता विचार!"

कमलबाई पुढे सरकल्या, "वैशे, मी विचारते. झालं का गं?"

"न्हाई मावशी, आईनंच विचारायचं!"

बायका मला ढोसायला लागल्या. "विचार की! लय ताणायलीस!" ओठांवर आलेला शब्द मी गिळला आणि म्हणाले,

"वैशू, जेवलीस का?"

पोरगी हसायला लागली, हसता हसता रडायला लागली. मागचा हात पुढे आला. हातात पीआरचा कागद! मंडळात एकच ओरडा झाला, कुणी टाळ वाजवले, कमलबाईंनी तर मलाच ओवाळलं.

मी तेवढ्यात चष्मा लावून कागद नीट बघितला. वरच्या कोपऱ्यात हळदीकुंकू होतं. सहीपासून चांगलं चार बोटं दूर!

तुमचंही लेकरू लांब कुठं कागदाची वाट बघत बसलं असेल ना, तर माझं एवढं ऐका. हा नवस तुम्हीही करा. जेवलास का, तेवढं मात्र रोज विचारा.