मामीची सुधारलेली सही

माझी मामी कधीच बसत नाही. खुर्चीत असते तेव्हाही ती बसलेली नसते, उठायच्या बेतात असते. शर्टांना काजं करण्यात तिची बावीस वर्षं गेली. काज म्हणजे बटण ज्यातून जातं ती चीर. ती कापायची आणि तिच्या कडेनं दोरा असा घट्ट घालायचा की शर्ट विरला तरी काज उसवता कामा नये. शिंपीमास्तर कापतात, शिवतात, मापं चुकवतात आणि गिऱ्हाइकाला सांगतात, "साहेब, तुमचंच पोट वाढलंय." काजं मात्र मामीकडे येतात. हातात काम नसलं तरी तिचा अंगठा आणि पहिलं बोट चालूच असतात. पिशवीच्या कडेवर, चादरीच्या टोकावर, एकदा तर माझ्या कानाच्या पाळीवर.

पण हल्ली मास्तरांनी निम्मे शर्ट दुसरीकडे पाठवायला सुरुवात केली होती. दोन गल्ल्या सोडून एकानं काजाचं मशीन घेतलं होतं. हातानं एक काज होईस्तोवर ते मशीन अख्खा शर्ट उरकायचं. "तुमच्या हाताची सर नाही त्याला," मास्तर म्हणायचे आणि शर्टांचा गठ्ठा तिकडेच न्यायचे.

मग त्या शुक्रवारी सकाळी मास्तरच निरोप घेऊन आले. शर्टांचा एक कारखाना बंद होत होता. सगळी मशीनं गेली, काजाचं एक उरलंय. मालक म्हणतो, चार वाजेपर्यंत रोख आणा आणि घेऊन जा. चारला भंगारवाल्याचा टेम्पो येणार, मग त्याच्या तराजूत.

मामीनं नऊ वर्षं बँकेत पैसे टाकले होते. नऊ वर्षांत एकदाही काढले नव्हते. दर महिन्याला रांगेत उभं राहायचं, नोटा द्यायच्या, पासबुकावर शिक्का घ्यायचा. टाकताना तिला कुणी विचारलं नव्हतं की बाई, तू कोण.

"एक वाजता जाऊ, दोनला बाहेर," मामी मला म्हणाली. "आणि तिथे कुणाच्या नकला करू नकोस. निदान काम होईपर्यंत."

काउंटरवर चष्म्याच्या साखळीवाल्या मॅडम होत्या. त्या दर दोन मिनिटांनी "पुढचेऽऽ" अशी हाक मारायच्या, दाताच्या दवाखान्यात मारतात तशी. दीड तासानं पुढचे आम्ही झालो. मामीनं पैसे काढायची स्लिप सरकवली. मॅडमनी स्लिप बघितली, स्क्रीन बघितला, परत स्लिप बघितली.

"जुळत नाही."

"कुणाशी?"

"तुमच्याशी."

"अहो, मी इथेच उभी आहे की."

"तुमच्या सहीशी, मावशी. आमच्याकडे कार्डावर आहे ती."

"मावशी? मॅडम, तुमचं वय काय?"

मॅडमनी उत्तराऐवजी स्क्रीन आमच्याकडे वळवला. त्यावर नऊ वर्षांपूर्वीची सही होती. अक्षरं दोरीवर वाळत घातल्यासारखी लोंबत होती. एकाची पाठ मोडलेली, दुसरं त्याच्यावर रेललेलं, आणि शेवटची वेलांटी चौकट सोडून पळून गेलेली. खातं उघडताना मामीला अंगठा लावायचा नव्हता. मामानं तिचं नाव काड्यापेटीवर लिहून दिलं होतं आणि तिनं ते चित्र काढावं तसं काढलं होतं.

"अगं बाई, ही माझीच!" मामी खूष झाली. "बघ ना, केवढी घाबरलेय."

"आणि ही?" मॅडमनी स्लिपवर बोट ठेवलं. तिथली सही सरळ रेषेत, काजांच्या ओळीसारखी, एकसारख्या अंतरानं होती.

"ही पण माझीच. मध्यंतरी मी शिकले ना. वाचनालयात रविवारी बायकांचा वर्ग असतो, दोन वर्षं जाते मी."

"छान. पण आधीसारखी करा."

"आधीसारखी म्हणजे?"

"म्हणजे वाकडी."

मामीनं नवी स्लिप घेतली. हात सैल सोडला, श्वास रोखला आणि सही केली. सरळ आली. दुसरी घेतली. तीही सरळ. बावीस वर्षं जो हात सुतभरसुद्धा इकडे तिकडे झाला नाही, तो मुद्दाम इकडे तिकडे कसा व्हावा? रांगेला मात्र आता करमणूक मिळाली.

"डाव्या हातानं करा," पेन्शन घ्यायला आलेले आजोबा म्हणाले.

"डोळे मिटून," त्यांच्या मागच्या बाई म्हणाल्या.

"माझा मुलगा घाईत असला की अशीच करतो. त्यांना कुणीतरी घाई करा रे."

"अहो, त्या घाईतच आहेत," मी म्हटलं.

डाव्या हातानं, डोळे मिटून, एका पायावर, सगळं करून झालं. सहावी स्लिप खरंच वाकडी आली. मॅडमनी ती स्क्रीनजवळ धरली आणि मान हलवली. "वाकडी आहे. पण तशी वाकडी नाही. साहेबांना भेटा. पुढचेऽऽ."

पावणेतीन वाजले होते.

साहेब काचेच्या केबिनमध्ये होते. त्यांचा आवाज गादीसारखा. आत रुतलं की बाहेर यायला वेळ लागतो. "बसा ना," ते म्हणाले. मामी बसली नाही. साहेबांनी समजावलं की सही बदलता येते, त्याचा फॉर्म असतो, आठवड्याभरात होऊन जातं. त्यांनी फॉर्म पुढे केला. मामीनं एकेका शब्दावर बोट ठेवत वाचला आणि शेवटच्या ओळीवर थांबली.

"इथे लिहिलंय, जुन्या सहीप्रमाणे सही करावी."

"हो."

"साहेब, जुनी येत असती तर मी नवीचा फॉर्म कशाला भरला असता?"

साहेबांनी फॉर्म आपल्याकडे फिरवून वाचला. तो त्यांनी पहिल्यांदाच वाचला असावा असं त्यांच्या भुवयांवरून वाटलं. मग त्यांनी खण उघडून शाईचं पॅड काढलं.

"आज पैसे हवेत ना? मग सोपं करू. अंगठा लावा. माझ्यासमोर, दोन साक्षीदार घेऊन. आमचा रखवालदार एक होईल, ते पेन्शनवाले आजोबा दुसरे. पाच मिनिटांत पैसे."

"आणि नंतर?"

"नंतर खातं अंगठ्याचं. दर वेळी स्वतः यायचं, साक्षीदार आणायचे. चेकबुक मिळणार नाही. बाकी काही फरक नाही."

तेवढ्यात मामाचा फोन आला. मामा वायरमन आहे आणि शिडीवरूनच फोन करतो. त्याचं प्रत्येक वाक्य 'मी सांगतो ना'नं सुरू होतं. मामीनं सगळं सांगितल्यावर फोनमधून केबिनभर ऐकू आलं, "मी सांगतो ना, ठोक अंगठा! अंगठाच तर आहे, मान थोडीच मागतायत!"

मामीनं फोन बंद केला आणि केबिनमधून बाहेर पडली. हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेली, परत आली, परत गेली. दारातला रखवालदार तिच्याबरोबर मान फिरवून थकला. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. रोख साडेतीनला बंद. कारखाना तिथून अर्ध्या तासावर.

"मामी, दे ना गं अंगठा," मी म्हटलं. "मशीन जाईल."

"तुला काय होतंय सांगायला? तू चौथीपासून सह्या करतेयस. प्रगतिपुस्तकावर तर माझीसुद्धा."

हे तिला माहीत आहे हे मला माहीत नव्हतं.

"मशीन पाहिजेच मला," ती चालता चालता म्हणाली. "पण मास्तर मागे एकदा म्हणाले होते, कापड ठोक दुकानातून घ्यायचं तर चेक लागतो. मशीन आलं की मी कुणाच्या गठ्ठ्याची वाट बघणार नाहीये. आणि दर वेळी हे आजोबा कुठून आणू? ते काय माझ्यासाठी जन्मभर पेन्शन घेत राहणार आहेत?"

"प्रयत्न करीन की," आजोबा बाकावरून म्हणाले.

मामी हसली नाही. सरळ केबिनमध्ये शिरली. शाईचं पॅड उघडंच होतं.

"साहेब, एक विचारू? मी अंगठा लावला, तर तो माझाच आहे हे तुम्हाला कसं कळणार? रेषा बघून?"

"छे, रेषा आम्हाला कुठे वाचता येतात. तुमचा फोटो आहे, ओळखपत्र आहे, तुम्ही स्वतः समोर उभ्या आहात."

"म्हणजे अंगठा तुम्हाला वाचता येत नाही, तो चालतो. आणि सही वाचता येते, ती चालत नाही?"

साहेबांनी शाईचं पॅड थोडं बाजूला सरकवलं.

"तुम्ही लिहून देणार ना, की ह्या बाईनं माझ्यासमोर अंगठा लावला म्हणून? तेच लिहा. अंगठ्याच्या जागी सही लिहा. तीच मी, तोच फोटो, तेच ओळखपत्र, तेच आजोबा."

"तसं नसतं हो. फॉर्मवर जुनी सही असं छापलंय."

"छापणारा आहे का इथे? त्याच्याशी बोलते."

साहेबांनी वरच्या कार्यालयात फोन लावला. आम्हाला इकडचीच बाजू ऐकू येत होती. "हो सर... नाही सर, अंगठा नको म्हणतात... समोरच आहेत सर... नाही सर, त्या बसत नाहीयेत... आहे का तसा नियम? माझ्या जबाबदारीवर? लेखी?... हो सर." फोन ठेवला तेव्हा साहेबांच्या कपाळाला घाम होता. अधिकाऱ्यानं स्वतः ओळख पटवून घेतली तर नवी सही लगेच घेता येते, असा नियम होताच. कुणी वापरला नव्हता इतकंच.

"उद्या काही झालं तर माझी मान अडकेल," ते म्हणाले.

"माझी नऊ वर्षं तुमच्याकडे अडकलीयेत, साहेब."

साहेबांनी नवं कार्ड काढलं. तीन चौकटी, तीन सह्या. तीन पंचवीस झाले होते, आणि मामी त्या दिवसात पहिल्यांदा खुर्चीत बसली. मी घड्याळाकडे बघून नखं खात होते आणि ती एकेक अक्षर दोरा ओढावा तसं ओढत होती. घाई कर म्हणायची माझी छाती झाली नाही. साहेबांनी खाली लिहिलं, 'माझ्यासमोर केली', आणि स्वतःची सही ठोकली. ती कुणालाच वाचता आली नसती.

बाहेर मॅडम खणाला कुलूप लावत होत्या. मामीनं हात काचेच्या फटीतून आत घातला आणि तिथेच ठेवला. मॅडमनी त्या हाताकडे बघितलं, कार्डाकडे बघितलं, हलकेच नाक ओढलं आणि कुलूप परत काढलं. "पुढचे," त्या म्हणाल्या, पण या वेळी ओढून नाही.

आम्ही धावलो. कारखान्याच्या फाटकात पोहोचलो तेव्हा सव्वाचार झाले होते आणि मशीन टेम्पोत चढलेलं होतं, पंखे आणि पत्र्यांच्या मधे, उताणं.

"आता माल माझा," भंगारवाला म्हणाला.

मामी टेम्पोत चढली. मशीनच्या पोटात हात घालून आली. "सुई नाही, पट्टा तुटलाय, चाक गंजलंय. बोला."

भंगारवाल्यानं मालकापेक्षा जास्तच सांगितले, वर टेम्पोचं भाडं. मामीनं शिव्या तेवढ्या वगळून सगळं ऐकवलं, थोडे उतरवले, बाकीचे दिले. मशीन घरी आलं ते त्याच टेम्पोतून, पत्र्यांच्या खडखडाटात, आणि मामी त्याला धरून उभी.

मामा दारातच होता. हिशेब कळल्यावर त्याचं सुरू झालं, "मी सांगतो ना, अंगठा ठोकला असतास तर चारच्या आत पोहोचली असतीस. केवढ्याला पडली ती सही!"

"पडली तेवढ्याला पडली. दिले ना मी?" मामीनं मशीन खिडकीशी ओढायला सुरुवात केली होती. "तू वायर लाव."

मामानं वायर सोलली, पिन जोडली. तिनं मास्तरांकडून उसनी सुई आणि जुना पट्टा आणवला. मशीन गुरगुरलं, थांबलं, परत गुरगुरलं. ते चालतं की नाही हे आमच्यापैकी कुणी बघितलंच नव्हतं. मामी त्याच्याभोवती फिरत होती, तेल, फडकं, परत तेल. मग तिला कापड हवं झालं. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि तिची नजर मामावर थांबली.

"काय?" मामा मागे सरकला.

"शर्ट काढ."