ओक्लाहोमाचा भोंगा

मालतीवहिनी गेल्या त्याला सात आठवडे झाले. शेवटची भेट झाली तेव्हा एप्रिल लागला होता आणि त्या लालबागच्या आपल्या खोलीत खाटेवर टेकून बसल्या होत्या. दुखणं स्वतःचं, पण चौकशी भलतीच. "भावजीनू, थंय आता वारो सुटलो असात... संजूचो फोन इलो काय?" आला होता, सगळं शांत आहे, असं मी म्हटलं. खोटंच बोललो. त्यांच्याशी खोटं बोलायची मला जुनी सवय होती.

वहिनींचा नवरा शांताराम आणि मी एकाच गिरणीत. संपानंतर भोंगा कायमचा बंद पडला आणि शांताराम त्यातून सावरलाच नाही. वहिनींनी डबे करून मुलाला, संजूला, इंजिनीअर केला. तो अमेरिकेत ओक्लाहोमाला नोकरीला लागला तेव्हा गंगेत घोडं न्हालं असं आम्हाला वाटलं. पहिल्याच उन्हाळ्यात त्याने फोनवर सांगितलं, "आई, इथे पण भोंगा होतो. वादळ आलं की." भोंगा झाला की माणसं घराबाहेर पडतात, हे वहिनींनी जन्मभर पाहिलेलं. तो ऐकून तळघरात शिरायचं, हे त्यांना पटेना. त्यात माहेर मालवणच्या किनाऱ्यावरचं. "खिडक्यो उघड रे बाबा. वाऱ्याक वाट दी, नायतर छप्पर उडतला."

आणि या शिकल्यासवरल्या मुलाने आईचं ऐकलं! पुढचं वादळ आलं तेव्हा बायकोला तळघरात धाडून हा घरभर खिडक्या उघडत फिरला. काच फुटून हातात घुसली, टाके पडले. मागच्या रस्त्यावरची घरं तर जोत्यापासून गेली होती. चाळीत फोन तेव्हा आमच्याकडेच. "काका, आईला सांगू नका. स्वतःला दोष देत बसेल ती." मी वहिनींना सांगितलं, तुमच्या सल्ल्याने घर वाचलं. त्यांनी चाळभर साखर वाटली. माझी झोप मात्र तेव्हापासून उडाली. कारण दरवर्षी एप्रिल आला की त्या फोनवर पुन्हा तेच बजावायच्या, तो "हो आई, उघडल्या" म्हणायचा, आणि मी शेजारी उभा राहून त्याच्या आवाजावरून ताडत असायचो... खरंच उघडतो की काय हा? पोराच्या जिवाशी खेळ चालला होता आणि त्यांना खरं सांगायचा मला धीर होत नव्हता.

गेल्या आठवड्यात सकाळी, नळाला पाणी येतं त्या वेळी, संजूचा फोन आला. तिकडे नुकताच भोंगा होऊन गेला होता. वादळ बाजूने निघून गेलं, सगळी सुखरूप. माझा जीव भांड्यात पडला.

"आता तरी त्या खिडक्यांचा नाद सोड रे," मी म्हटलं.

"काका, हाताला लागलं ना, त्यानंतर मी नुसता हो म्हणत होतो. एकही उघडली नाही कधी..." मग म्हणाला, "आज पोरांना खाली धाडलं, आणि वरच थांबून स्वयंपाकघरातली एक उघडली."

त्याला झापायला हवं होतं. मी एवढंच विचारलं, "वारा गेला का आरपार?"

"गेला," तो म्हणाला.